घुमट वाजतं, मग खरखर, मग काहीच नाही : बंद पडलेल्या डिस्क अ‍ॅरेमधून डेटा परत मिळवताना

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात चार डिस्कचा एक छोटा सर्व्हर आहे. जुन्या नाटकांच्या हस्तलिखित संहितांचे फोटो, जत्रेतल्या प्रयोगांची ध्वनिमुद्रणं, धालो या बायकांच्या लोकनृत्याची गाणी, जागर हे लोकनाट्य आणि घुमट आरत्या (घुमट म्हणजे कातडं लावलेलं मातीचं वाद्य) असं बरंच काही त्यात साठवलेलं आहे. जून २०२३ मध्ये हा सर्व्हर बंद पडला. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी त्यातलं जवळजवळ सगळं परत मिळालं. मी वेर्ण्याच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळते म्हणून हे काम माझ्याकडे आलं, पण डेटा रिकव्हरी हा काही माझा रोजचा व्यवसाय नाही. त्या दिवसांत मराठीत या विषयावर काही वाचायला मिळतं का ते मी खूप शोधलं आणि हाती काही लागलं नाही. ज्याच्यावर ही वेळ येईल त्याला थोडा आधार मिळावा म्हणून घडलं ते क्रमाने लिहिते आहे.

आधी रचना सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रत्येकी २ टीबीच्या चार डिस्क, लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडने जोडलेल्या, म्हणजे चार मिळून एकच मोठी डिस्क (अ‍ॅरे) वाटावी अशा, रेड ५ पद्धतीने. त्यावर एक्सएफएस ही फाइलसिस्टम, म्हणजे कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे ते सांभाळणारी रचना. रेड ५ मध्ये डेटाचे ठरावीक मापाचे तुकडे पाडून ते एकामागून एक डिस्कवर टाकतात. आमच्याकडे तुकडा ५१२ केबीचा होता. दर तीन तुकड्यांमागे चौथा तुकडा पॅरिटीचा, म्हणजे त्या तिघांवरून काढलेला हिशेब. एक डिस्क गेली तर उरलेल्या तिघींवरून तिच्यातलं सगळं पुन्हा काढता येतं. दुसरी गेली की हिशेब जुळत नाही आणि अ‍ॅरे थांबतो.

एप्रिलमध्ये एक डिस्क अ‍ॅरेमधून बाहेर पडली. तसा ईमेल संस्थेच्या पत्त्यावर आला आणि सचिवांनी विषय पुढच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. ‘सर्व्हरची एक डिस्क नादुरुस्त, बदलणे.’ संस्थेच्या नियमाप्रमाणे खरेदीला तीन कोटेशनं, कार्यकारिणीचा ठराव आणि चेकवर दोन सह्या लागतात. बैठक जूनमध्ये ठरली होती. दरम्यान मेच्या सुट्टीत मुलांनी बसून जुन्या कॅसेट उतरवून घेतल्या. यातल्या काही आरत्या घोरपडीचं कातडं लावलेल्या घुमटांवर वाजवलेल्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते कातडं वापरता येत नाही, आता बकऱ्याचं लावतात आणि नाद बदलतो. कॅसेटना बुरशी लागली होती; एकदा वाजल्या, परत वाजतील याची खात्री नव्हती. त्या सगळ्या फाइल तीन डिस्कवर चालणाऱ्या अ‍ॅरेवर लिहिल्या गेल्या. बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होता, पण तो डिसेंबरपर्यंतचाच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंगावत होतं आणि आमच्याकडे गडगडाटासह पाऊस सुरू झाला. एका रात्री वीज अनेकदा गेली-आली. सकाळी सर्व्हर चालू होता, पण फोल्डर उघडत नव्हते. वाचनालयाने शहरातल्या दुकानातून एक तंत्रज्ञ बोलावला. अ‍ॅरे जोडताना त्याला तीनच डिस्क दिसल्या. त्याने त्या जबरदस्तीने जोडून दिल्या, फोल्डर उघडले, दोनचार मिनिटं चालले आणि फाइलसिस्टम कोसळली. त्याने पुन्हा प्रयत्न न करता ‘आता मी हात लावत नाही, दुसऱ्या कुणाला दाखवा’ असं सांगितलं. त्या वाक्याबद्दल मी त्याची मनापासून ऋणी आहे. त्याने आणखी चार प्रयोग केले असते तर हा लेख लिहिण्यासारखं काही उरलं नसतं.

मी संध्याकाळी पोहोचले तेव्हा पहिलं काम सर्व्हर बंद करण्याचं केलं. मग चारही डिस्क काढून प्रत्येकीच्या लेबलचा फोटो घेतला आणि कोणत्या खाचेत कोणता सिरियल नंबर होता ते कागदावर लिहून चिकटपट्टीने डिस्कवर लावलं. लिनक्समध्ये डिस्कना मिळणारी नावं दर वेळी बदलू शकतात. एसडीए आज पहिली असेल, उद्या तिसरी. सिरियल नंबर बदलत नाही. पुढे जे उलगडलं ते या कागदामुळेच.

त्या आठवड्यात मुंबईतल्या एका रिकव्हरी लॅबला फोन केला. रेड असल्यामुळे प्रत्येक डिस्कमागे शुल्क होतं आणि अंदाज पाऊण लाखाच्या पुढे गेला. काम सुरू करण्यापूर्वी ‘डेटा न मिळाल्यास जबाबदारी नाही’ अशा पत्रावर सही लागणार होती, आणि ते वाजवीच आहे. डिस्क आतून टकटक करत असेल, फिरतच नसेल, तर घरी काहीही न करता लॅबकडेच जावं. आमच्या डिस्क फिरत होत्या. तातडीची बैठक बोलावली. मी एकच मागणी ठेवली : मूळ डिस्कवर मी काहीही करणार नाही, प्रती काढीन आणि प्रतींवर काम करीन, त्यासाठी दोन मोठ्या डिस्क घेऊन द्या. प्रतींवर जमलं नाही तर मूळ डिस्क जशाच्या तशा लॅबकडे जातील. खजिनदार काकांनी वहीत आकडे मांडले, चष्मा काढला आणि म्हणाले, “जातलें गो, करूया.” (होईल गं, करूया.) ठराव झाला. तीन कोटेशनं आणायला एक आठवडा गेला. ८ टीबीच्या दोन डिस्क मिळून चाळीस हजारांच्या जरा आत आल्या. बिल संस्थेच्या नावाने, जीएसटीसकट घ्या. नंतर लेखापरीक्षणात तेच विचारतात.

दोन का? २ टीबीच्या चार प्रती ८ टीबीच्या एका डिस्कवर मावतील असं वाटतं, पण मावत नाहीत. फाइलसिस्टमला स्वतःसाठी जागा लागते, आणि परत मिळालेला डेटा ठेवायलाही दुसरी जागा हवीच. मी तीन प्रती एका डिस्कवर ठेवल्या, चौथी दुसरीवर.

कामासाठी घरचा जुना डेस्कटॉप घेतला. डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) नुकतंच, १० जूनला आलं होतं, ते वेगळ्या छोट्या एसएसडीवर टाकलं. इथे एक गोष्ट नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही : रेडच्या डिस्क जोडल्या की लिनक्स स्वतःहून अ‍ॅरे जोडायला धावतं आणि तसं करताना डिस्कवर लिहितं. रेड सांभाळणाऱ्या एमडीएडम या प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘ऑटो’ या ओळीपुढे ‘मायनस ऑल’ लिहिलं की ते थांबतं. हे आधी करा, डिस्क नंतर जोडा.

आता दुसऱ्या खाचेतली डिस्क, म्हणजे तंत्रज्ञाला न दिसलेली. डेस्कटॉपला नव्या साटा केबलने जोडताच ती दिसली. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेने तिचा अहवाल काढला तर १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे केबलवरून येताजाताना झालेल्या चुकांची मोजणी, खूप मोठा होता. सर्व्हरच्या आत टॉर्च मारला. दुसऱ्या खाचेतल्या कनेक्टरच्या पट्ट्या हिरवट झाल्या होत्या. आमच्या हवेत हे होतं. डिस्कवर खराब सेक्टरही (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) होते, १९७ क्रमांकाचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा, आकडा शून्य नव्हता, पण तिचा मुख्य आजार त्या खाचेत होता. ज्या डिस्कला सगळ्यांनी मेलेली समजलं होतं ती बरीच जिवंत निघाली.

प्रती काढायला जीएनयू डीडीरेस्क्यू वापरलं. डीडी ही प्रत काढायची साधी आज्ञा खराब सेक्टरवर अडखळते. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागा शेवटी ठेवतं. कमजोर डिस्कवर पहिल्या फेरीत ‘मायनस एन’ द्यावं, म्हणजे ते खराब जागा खरवडत बसत नाही. मग दुसऱ्या फेरीत ‘मायनस डी’ आणि ‘मायनस आर ३’, म्हणजे थेट वाचन आणि तीन पुनर्प्रयत्न. आणि मॅपफाइल दिल्याशिवाय कधीच सुरू करू नये. कुठपर्यंत वाचून झालं याची नोंद तिच्यात राहते. पावसाळ्यात वीज जाणारच. इन्व्हर्टर उतरला आणि मशीन बंद पडलं तेव्हा पुन्हा तीच आज्ञा दिली आणि काम राहिलं तिथून पुढे सुरू झालं. चांगल्या दोन डिस्क प्रत्येकी पाच-सहा तासांत झाल्या. दुसरीला जवळजवळ दोन दिवस लागले आणि शेवटी काहीशे केबी वाचता आले नाहीत. तिसरीही सावकाश उतरली. जुलैचा पहिला आठवडा संपेपर्यंत चारही प्रती हातात होत्या. मूळ डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात घालून वाचनालयाच्या कपाटात गेल्या.

प्रतींवरही मी थेट काम केलं नाही. प्रत्येक प्रत फक्त-वाचन अशा लूप डिव्हाइसवर (फाइल डिस्कसारखी वापरू देणारी सोय) चढवली आणि तिच्यावर डीएमसेटअपने स्नॅपशॉटचा एक थर बसवला. वाचन खालच्या प्रतीतून होतं, लिहिलेलं सगळं वरच्या थरात जातं. प्रयोग फसला की थर फेकायचा आणि काही मिनिटांत पुन्हा पहिल्यापासून. प्रती काढण्यापेक्षाही ही सोय मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती भीती काढून टाकते. पुढे जे जे कोसळलं ते या थरांवर कोसळलं.

एमडीएडमच्या ‘एक्झामिन’ने चारही सुपरब्लॉक, म्हणजे रेडने प्रत्येक डिस्कवर ठेवलेल्या नोंदी, वाचले. प्रत्येक डिस्कवर अ‍ॅरेची ओळख, डिस्कची जागा आणि ‘इव्हेंट’ नावाचा आकडा असतो. अ‍ॅरेत काही घडलं की तो वाढतो, म्हणून ज्या डिस्कचा आकडा मागे ती शिळी, असा नियम. आमच्याकडे पहिली, तिसरी आणि चौथी अगदी समान होत्या, शेवटच्या नोंदीची वेळही तीच. दुसरी मागे होती. उघड होतं : एप्रिलमध्ये गेली ती दुसरी. मी एक, तीन, चार जोडल्या आणि एक्सएफएस माउंट केली, म्हणजे फाइली दिसाव्यात म्हणून उघडली.

माउंट झाली. जुने फोल्डर उघडले, मार्चमधलं एक नाटक व्यवस्थित ऐकू आलं. मेचा फोल्डर उघडला आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) संदेशांत, लाल ओळींचा पूर आला. ‘मेटाडेटा करप्शन डिटेक्टेड’ (मेटाडेटा म्हणजे फाइलींची नावं, जागा यांच्या नोंदी), खाली कर्नलचा कॉल ट्रेस, आणि शेवटी ‘करप्शन ऑफ इन-मेमरी डेटा डिटेक्टेड, शटिंग डाउन फाइलसिस्टम’. त्यानंतर प्रत्येक आज्ञेला इनपुट-आउटपुट एरर.

‘इन-मेमरी’ वाचून मी आधी रॅमवर संशय घेतला. डेस्कटॉप जुना, शंका रास्त होती. रात्रभर मेमटेस्ट लावला, सकाळी एकही चूक नव्हती. या संदेशाचा अर्थ एवढाच की एक्सएफएसने डिस्कवरून आणून स्मृतीत ठेवलेली रचना तिला अशक्य वाटली आणि पुढचं नुकसान टाळायला तिने स्वतःला बंद केलं. चुकीची रचना रॅमने बिघडवली की डिस्कवरूनच तशी आली, हे तो संदेश सांगत नाही. पण हा फाटा बंद करणं गरजेचं होतं; रॅम खराब असती तर पुढचा प्रत्येक निष्कर्ष फुकट गेला असता.

मग एक्सएफएस रिपेअर. आधी ‘मायनस एन’ देऊन, म्हणजे काही न बदलता फक्त तपासणी. तक्रारींची यादी थांबेचना. नवा थर बसवून खरी दुरुस्ती सुरू केली तर तिने नकार दिला : लॉगमध्ये, म्हणजे लागू व्हायच्या बदलांच्या नोंदीत, महत्त्वाचे बदल आहेत, आधी माउंट करून ते लागू करा. माउंट केलं की कोसळत होतं. मग ‘मायनस एल’, म्हणजे लॉग पुसून टाका. ही आज्ञा मूळ डिस्कवर कधीही देऊ नये. थरावर दिली. दुरुस्तीचे सात टप्पे असतात. सहाव्यात, म्हणजे फोल्डर आणि फाइलींचे धागे जुळवताना, रिपेअर स्वतःच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन मेलं. प्रीफेच बंद करून पाहिलं, स्मृतीची मर्यादा घालून पाहिलं. त्याच टप्प्यात, तिथेच.

हे दिवस वाईट होते. कंपनीतून आल्यावर रात्री बसायचं आणि दीड वाजता तेच पडद्यावर. आई विचारायची, “मिळतंय का गो काही?” आणि मला उत्तर देता यायचं नाही. गावात भेटेल तो कॅसेटबद्दल विचारत होता. लॅबच्या पत्रावर सही करून मोकळं व्हावं असं बऱ्याचदा वाटलं.

वाट फुटली ती आवाजाने. रिपेअरने अर्धवट सोडलेल्या एका थरावर मेमधल्या काही फाइल उघडत होत्या. त्यातली एक घुमट आरती लावली. ठेका ऐकू आला, शामेळ या तालवाद्याची साथही, आणि मी रडायच्या बेतात असताना कर्कश खरखर सुरू झाली. मग पूर्ण शांतता. मग पुन्हा ठेका. पुन्हा खरखर, पुन्हा शांतता. मी हेडफोन लावून घड्याळाकडे बघत राहिले, कारण हे फारच नियमित होतं. डिस्कवरचं नुकसान असं तालात येत नाही.

ध्वनिसंपादकात फाइल उघडून मोजलं : सुमारे ३.६ सेकंद आरती, १.८ सेकंद खरखर, १.८ सेकंद शांतता, आणि पुन्हा तेच. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन चॅनेलचं; म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. ५१२ केबीचा एक तुकडा म्हणजे ५,२४,२८८ बाइट, भागिले २,८८,०००, उत्तर १.८२ सेकंद. दोन तुकडे चांगले, एक खरखरीचा, एक रिकामा. चार तुकडे, चार डिस्क. आमच्या अ‍ॅरेची मांडणी ‘लेफ्ट-सिमेट्रिक’ होती, तिच्यात सलग डेटा डिस्कवर एक, दोन, तीन, चार, एक, दोन अशा क्रमानेच फिरतो. पहिली आणि चौथी खरं बोलत होत्या. दुसरीच्या जागी खरखर, तिसरीच्या जागी शांतता.

शांतता म्हणजे शून्यं. तिसऱ्या डिस्कच्या प्रतीतली ती जागा हेक्सडम्प या कच्चे बाइट दाखवणाऱ्या आज्ञेने पाहिली तर तिथे खरोखरच शून्यं होती. शेजारच्या तिन्ही प्रतींमध्ये त्याच जागी डेटा खच्चून भरलेला. मे महिन्यात तिसरीवर काही लिहिलंच गेलं नव्हतं. एप्रिलमध्ये बाहेर पडलेली डिस्क तिसरी होती! दुसरी जूनच्या त्या रात्रीपर्यंत कामावर होती. आणि अ‍ॅरे दुसरीचा मजकूर काढायला तिसरीची शिळी शून्यं हिशेबात धरत होता, म्हणून दुसरीच्या जागी निव्वळ खरखर तयार होत होती. मेटाडेटाचेही असेच तुकडे उडालेले. मग फाइलसिस्टम कोसळणार नाही तर काय होईल? फाइलींतला बिघाड मात्र निमूट राहिला, कारण एक्सएफएस चेकसम (मजकूर बिघडला का ते ओळखायचा आकडा) ठेवते ती फक्त मेटाडेटाची.

पण सुपरब्लॉक उलट का सांगत होते? जूनमध्ये जबरदस्तीने जोडताना एमडीएडमने तिसरीचा इव्हेंट आकडा वाढवून इतरांच्या बरोबरीला आणला होता. ‘फोर्स’चं काम तेच. नंतर सगळ्या सुपरब्लॉकवर नवी वेळ पडली आणि शिळी डिस्क कागदोपत्री ताजी झाली. पुरावा म्हणून मी सचिवांना एप्रिलचा ईमेल शोधायला सांगितला. एमडीएडमच्या मॉनिटरने पाठवलेला तो मजकूर सापडला : फेल इव्हेंट, संबंधित डिस्क एसडीसी. सर्व्हरच्या बूट डिस्कवर, डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवणाऱ्या स्मार्टडीच्या नोंदी होत्या, त्यात एप्रिलमध्ये एसडीसीचा सिरियल नंबर कोणता ते होतं. माझ्या कागदाशी ताडून पाहिलं. तिसरी खाच.

ते संध्याकाळी कळलं. सगळे थर फेकले, नवे बसवले आणि एक, दोन, चार अशा तिघीच ‘फोर्स’ने जोडल्या. तिसरी जवळही येऊ दिली नाही. अशा वेळी ‘क्रिएट’ वापरून अ‍ॅरे नव्याने बनवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. डेटा कुठून सुरू होतो ते अंतर, तुकड्याचं माप, मांडणी आणि डिस्कचा क्रम यांपैकी एक जरी चुकलं तरी सगळा डेटा कचऱ्यासारखा दिसतो, आणि एमडीएडमच्या निरनिराळ्या आवृत्त्या ते अंतर निरनिराळं धरतात. ‘असेंबल’ने काम होत असेल तर ‘क्रिएट’ला हात लावू नये. आणि लावलाच तर थरावर.

माउंट करताना ‘फक्त वाचन’ आणि ‘नो-रिकव्हरी’ हे दोन्ही पर्याय दिले, म्हणजे एक्सएफएस लॉग लागू करायच्या फंदात पडत नाही. लॉगवर जूनच्या त्या चुकीच्या जोडणीत काय लिहिलं गेलं असेल त्याचा भरवसा नव्हता. मेचा फोल्डर उघडला. आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. आईला उठवून ऐकवली.

लगेच दुरुस्ती सुरू करू नये, आधी जे दिसतंय ते उचलावं. आरसिंक या प्रत करणाऱ्या आज्ञेने जानेवारीपासूनचं सगळं दुसऱ्या ८ टीबी डिस्कवर उतरवलं. सुमारे सहाशे जीबी होतं. काही फोल्डरवर ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’ असं येऊन ते सुटले. त्यांची यादी फाइलमध्ये ठेवली. मग नव्या थरावर एक्सएफएस रिपेअर, यावेळी ‘मायनस एल’सकट. सातही टप्पे पार झाले. त्याला आधी जे पचत नव्हतं ते निम्मं खोटं होतं, आता थोड्याच जागा बिघडलेल्या होत्या : जूनमध्ये चुकीच्या जोडणीवर माउंट करताना लिहिलेल्या, आणि दुसऱ्या डिस्कवरच्या न वाचता आलेल्या. सुटलेल्या फोल्डरांमधलं बरंचसं ‘लॉस्ट प्लस फाउंड’मध्ये आलं, नावं जाऊन, नुसते इनोड क्रमांक (फाइलसिस्टमने फाइलला दिलेले आतले क्रमांक) घेऊन.

ऑगस्ट या क्रमांकांत गेला. ‘फाइल’ ही आज्ञा कोणती ध्वनिफीत आणि कोणता फोटो एवढं सांगते, पुढचं माणसांनी सांगावं लागतं. रविवारी वाचनालयात स्पीकर लावून बसलो. भजनी मंडळातले आजोबा दोन ओळी ऐकून कोणाचा आवाज आणि कोणत्या वर्षीची चवथ ते सांगत होते. सचिव लिहून घेत होते. संहितांच्या फोटोंत मात्र काही पानं गेली, खालची अर्धी करडी. त्या वह्या ज्यांच्या घरी आहेत त्यांच्याकडे पुन्हा जायचं आहे.

१९ सप्टेंबरला चवथ होती. त्याआधीच्या शनिवारी कार्यकारिणीपुढे सगळं मांडलं, दोन्ही डिस्क डेड स्टॉक रजिस्टरला चढवल्या, खर्च मंजूर झाला. डिस्क, केबल, डॉक, मुंबईचे फोन, सगळं मिळून बेचाळीस हजारांच्या आसपास.

तिसरी डिस्क एप्रिलमध्ये का पडली तेही नंतर पाहिलं, कारण पुन्हा तेच व्हायला नको होतं. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर भेटला की तो वाचायचा प्रयत्न बराच वेळ करत राहते. कर्नल ३० सेकंद थांबतं, मग डिस्क गेली असं समजून तिला हाकलतं. रेडसाठी बनवलेल्या डिस्क सात सेकंदांत हार मानून चूक कळवतात, आणि अ‍ॅरे तो सेक्टर पॅरिटीवरून भरून काढतो. डिस्कला हे जमत असेल तर स्मार्टसीटीएलच्या ‘एससीटी-ईआरसी’ पर्यायाने सात सेकंद ठरवता येतात, पण बऱ्याच डिस्क वीज गेली की ते विसरतात, म्हणून प्रत्येक बूटला द्यावं लागतं. जमत नसेल तर कर्नलची मुदत १८० सेकंदांवर न्यावी. तुमच्याकडे असा अ‍ॅरे असेल तर हे आजच तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता वाचनालयात त्याच दोन ८ टीबी डिस्क मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा ठेवून, चालतात, महिन्याच्या पहिल्या रविवारी डेबियनची तपासणी आपोआप होते, आणि बिघाडाचा ईमेल तिघांना जातो. दर शनिवारी वेगळ्या, बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेऊन ती खजिनदार काकांच्या घरी, दुसऱ्या वाड्यावर, ठेवली जाते. डिस्क बदलण्यापुरता तीन कोटेशनांचा नियम शिथिल करायचा ठरावही झाला : बिघाडाचा ईमेल आला की सचिव आणि खजिनदार मिळून खरेदी करू शकतात. जुन्या चारही डिस्क अजून डब्यात आहेत. लॉस्ट प्लस फाउंडमधली शेवटची फाइल ओळखेपर्यंत त्या तशाच राहतील.

ओळखायच्या राहिलेल्या फाइल आता थोड्याच आहेत. त्यातल्या दोन जागराच्या आहेत आणि एका धालोच्या गाण्यात गावाचं नाव येतं, पण ते नीट ऐकू येत नाही. माशेल, मडकई, शिरोडा या बाजूच्या कुणाला वेळ असेल तर वाचनालय संध्याकाळी चार ते सात उघडं असतं. हेडफोन आहेत, चहाही मिळेल.